निर्दोष काठी

‘सदर क्यूची उपसमितीने दिनांक बारा रोजी समक्ष तपासणी केली असता तीत कोणताही सैलपणा, कंप अथवा आवाज आढळून आला नाही. सबब खेळाडूची तक्रार निराधार असून ती सामन्यात व्यत्यय आणण्याच्या हेतूने केलेली असावी, असे उपसमितीचे एकमत आहे.’

हा मुद्दा क्रमांक चार. अहवाल एकूण दीड पानांचा. टंकलेखन स्वच्छ, समास नेटका, खाली तीन सह्या. या मुद्द्यातले पहिले वाक्य खोटे आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही, आणि हीच त्या अहवालाची खरी लबाडी आहे. बारा तारखेला ती क्यू, म्हणजे स्नूकर खेळायची काठी, खरोखरच मुकी होती. तिला ठोकले असते, हलवले असते, टेबलाच्या कडेवर आपटले असते, तरी तिने हूं की चूं केले नसते. पण तक्रार बारा तारखेची नव्हतीच. ती पाच तारखेची होती, भर सामन्यातली, शंभर माणसांसमोरची. पाच आणि बारा यांच्यामध्ये सात दिवस येतात, हे मोजायला पंडित लागत नाही. आणि त्या सात दिवसांत ती क्यू कुठे होती, कोणाच्या ताब्यात होती, तिला कोणाचा हात लागला, याविषयी दीड पानात एक अक्षर नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर अडचणीचे, तो प्रश्नच न विचारणे ही अहवाललेखनाची जुनी आणि सन्मान्य परंपरा आहे.

‘आढळून आला नाही’ हे खरे, पण कोणाला? तिघांना. अध्यक्ष व्यवसायाने दातांचे डॉक्टर. त्यांनी क्यू दोन ठिकाणी दाढेसारखी ठोकली आणि दुखत तर नाही ना, अशा नजरेने तिच्याकडे पाहिले. सचिवांनी आयुष्यात कधी क्यू हाती धरली नव्हती. त्यांनी त्या दिवशीही पेनच धरले. उरला तिसरा, क्लबचा कारागीर, ज्याच्या शब्दावर बाकीच्या दोघांनी मान डोलावली. म्हणजे ‘एकमत’ हा शब्दसुद्धा तंतोतंत खरा होता. मत एकच होते, आणि एकाचेच होते.

शेवटचे ते ‘असावी’ मोठे विनयशील क्रियापद आहे. कसलाही दावा न करता ते आपले काम करून जाते. त्या खुंटीला एका मुलीचे अख्खे वर्ष टांगलेले होते. शनिवारच्या सभेत अहवाल कायम झाला, की तिला वर्षभर कोणत्याही स्पर्धेत उतरता येणार नव्हते. महिन्याभरावर आलेली निवड चाचणी हुकणार होती. आणि नावाला ‘खोटी तक्रार करणारी’ ही पदवी चिकटणार होती, जी वर्ष संपल्यावरही उतरत नाही.

ती मुलगी त्या कारागिराची सख्खी भाची होती.

कारागिराला सगळा क्लब कानसेन म्हणे. क्लबच्या खेळघरामागे, कोठार आणि जिना यांच्या बेचक्यात त्याची अरुंद कार्यशाळा होती. एक खिडकी, तिच्यासमोर लेथ, भिंतीवर खुंट्यांना टेकून उभ्या असलेल्या तीस-चाळीस काठ्या, आणि रोगण, सरस व भुसा यांचा असा वास, की आत आलेला माणूस नकळत आवाज खाली आणायचा. खेळाडू जिला क्यू म्हणतात तिला या खोलीत काठी म्हणत. काठी मधोमध सांध्यावर सुटते. वरचा भाग निमुळता, टोकाला चामड्याची टिप. खालचा भाग जाड. त्याच्या बुडाला रबरी टोपी आणि टोपीच्या आत, लाकडाच्या पोटात, वजनाचा बोल्ट. यांतले काहीही केसभर सुटले, की फटका मारताना काठी वाजते. ही वाजणारी काठी खेळाडूच्या मनात जे भूत घालते ते उतरवणे, हा कानसेनचा धंदा.

त्याची रीत साधी होती. काठी दोन बोटांत हलकेच लटकवायची, बोटाच्या पेराने तीनदा ठोकायची, डोळे मिटायचे, आणि निकाल द्यायचा. ‘टोपी.’ ‘टिपेखालची चकती.’ ‘सांध्याची खीळ.’ खोलून पाहिले की नेमके तेच निघे. दूरदूरच्या क्लबांतून माणसे काठ्या घेऊन येत. काही तर नुसते ते तीन ठोके पाहायला येत.

हे कान दोन वर्षांपूर्वी गेले.

एकदम गेले नाहीत, आणि सगळेही गेले नाहीत. चाळीस वर्षे लेथने रोज थोडे थोडे कुरतडून वरचा थर खाल्ला. आधी किटलीची शिटी गेली, मग दाराची घंटा, मग बायकांच्या बोलण्यातली शेवटची अक्षरे. खालचे, जाडजूड आवाज तेवढे उरले. तो डॉक्टरकडे गेला नाही. ऐकू येत नाही असे डॉक्टरने सांगितले असते, तर ते खरे झाले असते. त्याऐवजी त्याने नवी रीत बसवली. काठी ठोकायची आणि गिऱ्हाइकाच्या भुवयांकडे पाहायचे. ज्याची काठी वाजते त्याच्या भुवया त्या आवाजाला उडतातच; मग कुठे ठोकल्यावर उडाल्या ते पाहून, बोटांना लागेल तेवढे चाचपून, निकाल द्यायचा. बहुतेक खडखडाट जाडच असतात, बोटांना कळतात. दोन वर्षे निभावले. डोळे मिटणे मात्र सोडावे लागले. लोकांनी त्याचा अर्थ असा लावला, की म्हाताऱ्याचा आत्मविश्वास वाढला आहे.

भाचीला घरात ठमी म्हणत. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती; काचा घासून चौकटीत बसवणे आणि मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू फिरवणे हे तिचे दिवसभराचे काम. तिची काठी मामानेच घडवलेली होती. दोन महिन्यांपूर्वी तिला काठी जड हवी झाली, तेव्हा मामाने बुडातल्या बोल्टाच्या पलीकडे, आणखी आत, एक आखूड बोल्ट बसवून दिला. सामन्याच्या दहा दिवस आधी ती काठी घेऊन कार्यशाळेत आली.

“मामा, काठी झिणझिणतेय.”

“काय करतेय?”

“झिणझिण! जोरात मारलं की. चौकटीचा स्क्रू सुटला की काच कशी वाजते, तसं. बारीक.”

त्याने काठी लटकवली, तीनदा ठोकली आणि तिच्या भुवयांकडे पाहिले. भुवया जागच्या जागी होत्या. गिऱ्हाइके काठीकडे कान लावून उभी राहत. ही मामाच्या तोंडाकडे पाहत उभी होती. लहानपणापासून तिने त्याचा निकाल असाच, चेहरा कोरा ठेवून ऐकला होता. स्वतःच्या कानांपेक्षा तिचा त्याच्या कानांवर जास्त विश्वास होता, आणि त्या विश्वासानेच तिचा चेहरा वाचण्यासारखा ठेवला नव्हता.

“काही नाही,” तो म्हणाला.

“काही नाही? आत्ता वाजली की! ऐकलंस ना तू?”

“ठमे, चाळीस वर्षं मी हेच करतोय. काठीत काही नाही. तुझी मूठ आवळतेय. घाबरलीयेस तू.”

“मी कशाला घाबरू?”

“घाबरलेला माणूस हेच म्हणतो.”

ती हसली. “मग काय, माझे कान तपासून घेऊ?”

“घे तपासून,” तो म्हणाला. तिने काठी पिशवीत घातली, “बरं मामा” म्हणाली आणि गेली. तिला परत बोलवायला त्याने तोंड उघडले होते. मग लेथ चालू केला.

पाच तारखेला उपान्त्य सामना. निर्णायक डावात तिचा सोपा चेंडू हुकला. ती सरळ उभी राहिली, पंचांना हात केला आणि म्हणाली, काठी वाजतेय, मला बदलून हवी. नियम असा, की तांत्रिक तज्ज्ञाने दोष आहे असे म्हटल्याशिवाय मध्येच काठी बदलता येत नाही. तांत्रिक तज्ज्ञ, म्हणजे कानसेनच, पहिल्या रांगेत छातीला बिल्ला लावून बसला होता. तो उठला, दिव्याच्या प्रकाशात आला, काठी लटकवली. तीन ठोके.

त्याने भुवया शोधल्या. पंच त्याच्याकडे पाहत होते. समोरची खेळाडू हाताची घडी घालून छताकडे पाहत होती. भाचीच्या चेहऱ्यावर काकुळती होती, पण काकुळती म्हणजे आवाज नव्हे. इथे ‘मला कळत नाही’ म्हणायला फक्त तीन शब्द लागले असते. त्याने एकाच शब्दात भागवले.

“निर्दोष.”

“ताई, काठी नाही, नशीब बदलून घ्या!” मागून कोणीतरी ओरडले आणि हशा पिकला. हशा त्याला ऐकू आला. हशा खालच्या सुरात असतो.

ती हरली. समोरच्या संघाने लेखी तक्रार दिली, की खोटे कारण काढून खेळ थांबवला गेला. पंचांनी काठी ताब्यात घेतली आणि तपासणीपर्यंत सुरक्षित राहावी म्हणून नियमाप्रमाणे तांत्रिक तज्ज्ञाच्या स्वाधीन केली. ज्याच्या निकालाविरुद्ध दाद मागायची त्याच्याच कपाटात पुरावा ठेवायचा, ही न्यायाची कल्पना ज्यांना सुचली त्यांना ती विनोदी वाटली नव्हती.

दोन दिवसांनी दुपारी बायको त्याचा विसरलेला चष्मा द्यायला कार्यशाळेत आली. तो कपाट आवरत होता. भाचीची काठी उचलताना ती लाकूड आवळून धरायच्या शेगड्याच्या कडेला आपटली.

“अहो, हे काय वाजतंय?”

“काय?”

“हे काय! डबीत माशी कोंडल्यासारखं. पुन्हा आपटा बघू.”

त्याने आपटली. त्याला लाकडाचा ठप्प असा आवाज आला, बाकी काही नाही. बायकोच्या भुवया उडाल्या.

त्याचे कान तापले. ऐकण्याचे काम सोडलेल्या त्या कानांनी लाल होण्याचे काम सोडले नव्हते. बायको काठीकडून त्याच्याकडे पाहू लागली आणि तिथेच थांबली.

“तुम्हाला नाही ऐकू आलं?”

त्याने काठी उगाच फिरवून पाहिली.

“कधीपासून?”

“झाली दोन वर्षं.”

“अगं बाई. आणि मी समजत होते, तुम्ही मुद्दाम कानाडोळा करता. बत्तीस वर्षं हा माणूस माझं ऐकत नाही, मला मेलीला फरक कसा कळायचा?” ती हसायला लागली आणि त्याचा चेहरा पाहून अर्ध्यातच थांबली. “म्हणजे त्या दिवशी, सामन्यात... पोरगी खरं बोलत होती?”

“ये इकडे,” तो म्हणाला. “कान तुझे, हात माझे.”

वाजणाऱ्या काठीतला दोष शोधायची एक रीत आहे. एकेक जागा मुठीत घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने काठी ठोकायची. जी जागा धरल्यावर आवाज मरतो तिथे दोष. त्याने टिपेखाली मूठ आवळली आणि ठोकली.

“आता?”

“येतोय.”

सांध्यावर मूठ. “आता?”

“येतोय की. आणि माझ्यावर ओरडू नका, मला ऐकू येतं.”

मधल्या वेष्टनावर मूठ. “आता?”

“जरा कमी. नाही, आहे.”

बुडावर मूठ. त्याने ठोकली आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिले. तिच्या भुवया खाली आल्या.

“मेला,” ती म्हणाली.

त्याने रबरी टोपी काढली, लांब षट्कोनी किल्ली आत घातली. बाहेरचा बोल्ट गच्च होता. तो काढून बाजूला ठेवला. किल्ली आणखी आत गेली, आतल्या आखूड बोल्टाला लागली, आणि जोर न लावताच पाव फेरा फिरली. दोन महिन्यांपूर्वी हा बोल्ट त्यानेच बसवला होता. आट्यांवर लाखेचा थेंब सोडायचा असतो, म्हणजे ठोक्यांनी बोल्ट हलत नाही. त्याने सोडला नव्हता. असा विसर चाळीस वर्षांत त्याला पडला नव्हता, म्हणून तो पडू शकतो हे त्याने धरलेच नव्हते.

पुढचा पाव तास त्याच्या आयुष्यातला अलीकडचा सर्वांत सुखाचा पाव तास होता. त्याने आटे पुसले, लाख लावली, आतला बोल्ट शेवटपर्यंत आवळला, त्यावर बाहेरचा, त्यावर टोपी. दोष सापडला की काढायचा, हे त्याच्या हातांना सांगावे लागत नसे. ते हात वकिलाचे असते तर बोल्टापाशीच थांबले असते. त्याने काठी ठोकली.

“गेला,” बायको म्हणाली. “साफ गेला. चला, आता दाखवा नेऊन तुमच्या त्या समितीला. पोरीचं खरं होतं म्हणावं.”

“काय दाखवू?”

“वाजत होती ते.”

“आता वाजत नाही,” तो म्हणाला, आणि आपण काय केले हे त्याला त्या वेळी कळले.

बायकोने काठीकडे पाहिले, किल्लीकडे पाहिले. “मग परत सैल करा.”

त्याने किल्ली उचललीही. पण आता सैल केलेला बोल्ट हा पुरावा नव्हे, ती बनावट. आणि वाजली तरी कशी वाजते हे त्याला थोडेच कळणार होते? ते म्हणतील, मामाने भाचीसाठी काठी बिघडवली. हे सगळे मुद्दे बरोबर होते. बरोबर मुद्द्यांच्या आड लपायला फार चांगली जागा असते, हेही त्याला त्याच क्षणी जाणवले, आणि तो तिथे जाऊन बसला.

“मग तोंडानं सांगा,” बायको म्हणाली.

“सांगेन.”

“कधी?”

“तपासणीच्या दिवशी.”

तपासणीच्या दिवशी दातांच्या डॉक्टरांनी काठी ठोकली, सचिवांनी पेन उघडले, आणि अध्यक्ष म्हणाले, “आम्हाला तर काही ऐकू येत नाही. कानसेन, तुमचं काय?” ‘आम्हाला ऐकू येत नाही’ हे वाक्य ज्याने म्हणायचे त्याने न म्हणता इतरांनीच म्हटले. त्याने घरून वाक्य जुळवून आणले होते. ते ओठांपर्यंत आले. समोर दोन माणसे आदराने थांबली होती. उद्यापासून ती वेगळ्या नजरेने पाहणार होती, दारातून येताना मुद्दाम मोठ्याने बोलणार होती, काठ्या दुसरीकडे पाठवणार होती.

“निर्दोष आहे,” तो म्हणाला. त्या दिवशी ते खरे होते. खरे बोलून खोटे वागण्याची सोय भाषेत असते. ती वापरणाऱ्याला स्वतःचा विटाळ मात्र फुकट मिळतो. त्याने सही केली. सही नेहमीसारखीच सुबक आली, याचाही त्याला राग आला.

घरी बायकोने पाठमोऱ्या त्याला विचारले, “सांगितलंत?” त्याने ऐकू न आल्यासारखे केले. आता ते सोपे झाले होते. ती समोर येऊन उभी राहिली आणि तोंड भरपूर उघडून म्हणाली, “सां-गि-त-लंत?”

“नाही.”

“वा! बाहेर ऐकू येतं म्हणून नाटक, घरात येत नाही म्हणून नाटक. उद्या नणंदबाई फोन करतील, तेव्हा कुठलं करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा.”

शुक्रवारी दुपारी भाची कार्यशाळेत आली. तो दाराकडे पाठ करून एका टिपेला कानस मारत होता. लेथ बंद होता. खिडकीच्या काचेत त्याला ती दिसली. दारातच उभी. हातात अहवालाची प्रत. तिचे ओठ हलले. ‘मामा’ हा शब्द काचेतून, उलटा, न ऐकतासुद्धा वाचता येतो. तो वळला नाही. काय तोंड दाखवणार होता? त्याने कानस चालू ठेवली. ओठ पुन्हा हलले, पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा, आणि या वेळी ती हाक नव्हती. ती हाक मारून पाहत होती. ती एक पाऊल पुढे आली, पुन्हा मागे झाली, आणि तिच्या चेहऱ्यावर, भुवयांपासून खालपर्यंत, एकेक गोष्ट जागेवर बसत गेली: सामन्याआधी याच खोलीतले तीन ठोके, सामन्यातले तीन ठोके. तिने कागदाची घडी घातली. काचेतली चौकट रिकामी झाली.

आता तिच्या हाती सुटका आली होती. उद्याच्या सभेत उभे राहून एवढेच म्हणायचे, की ज्याच्या शब्दावर हा अहवाल उभा आहे त्याला ऐकू येत नाही. त्याच्या मागे उभे राहून हाक मारा. कोणाही सदस्याने ती मारून पाहिली असती, आणि अहवालाची दीड पाने तिथेच गळून पडली असती. तो घरी गेला, जेवला नाही, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ज्या मुलीला चालायला शिकवले होते तिला मनातल्या मनात कृतघ्न, उर्मट, घरभेदी असे जे जे सुचेल ते म्हटले. तिने अजून काहीच केले नव्हते.

शनिवारी सकाळी अकराला क्लबच्या वरच्या खोलीत सभा भरली. लांब टेबल, पाण्याचे तांबे, डोक्यावर पंखा, बारा-पंधरा सदस्य. भाची टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. सचिवांनी अहवाल वाचला. मुद्दा चार त्यांनी विशेष सावकाश वाचला. अध्यक्षांनी तिला काहीतरी विचारले. तिने खिशातून कागद काढला.

तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला. तिने मान खाली घालून वाचायला सुरुवात केली आणि ओठ दिसेनासे झाले. सदस्यांच्या चेहऱ्यांवर त्याने शोध घेतला. एकही भुवई उडाली नाही. कोणीही वळून त्याच्याकडे पाहिले नाही. उलट चेहरे सैलावत चालले होते. तिने कागद खाली ठेवला.

“काय म्हणाली?” त्याने शेजारच्या सचिवांना विचारले.

सचिव लिहिण्यात होते. त्याच्या कानाशी झुकून ते त्रासिकपणे म्हणाले, “म्हणतेय, भास झाला असेल. माफी मागतेय.”

“अजून काय?”

“अजून काय असणार? कानसेनांचा कान चुकत नाही, चूक आपलीच, म्हणाली. बसा स्वस्थ. निभावलं तुमचं.”

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर दाढ न दुखता निघाल्याचे समाधान होते. ते सदस्यांकडे पाहून बोलू लागले. सचिव ते उतरवू लागले, आणि त्याने सचिवांच्या वहीत वाचले: ‘खेळाडूने व्यक्त केलेली दिलगिरी लक्षात घेता सहानुभूतीपूर्वक विचार करून बंदीचा कालावधी बारा महिन्यांवरून दहा महिने...’ निवड चाचणी महिन्यावर होती. दोन महिन्यांची ही सहानुभूती शेवटच्या टोकाकडून कापलेली होती. टेबलाच्या पलीकडे भाचीने त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर तो बसून राहू शकला असता. लहान मुलाने सांडून ठेवलेले मोठ्याने गुपचूप पुसून घ्यावे, तसे तिने पाहिले, आणि नजर वळवली. त्याच्या वयाच्या माणसाला असे कोणी पुसून घ्यावे, आणि ते चोवीस वर्षांच्या मुलीने, आपले वर्ष त्याचे फडके करून!

तो उठला. खुर्ची मागे पडली असावी, कारण सगळे दचकले. अध्यक्षांचे तोंड हलले. ते काय म्हणाले हे त्याला कळले नाही, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने कळल्याचे नाटक केले नाही. त्याने सचिवांच्या वहीवर बोट ठेवले.

“हे खोडा आणि मी सांगतो ते लिहा.”

सचिव जन्मभर दुसऱ्यांचे बोलणे ‘असे निदर्शनास आणून देण्यात आले’ या साच्यात ओतत आले होते. त्या सकाळी त्यांना साचा शोधायला वेळ मिळाला नाही. इतिवृत्तात ते विधान आजही, जसे बोलले गेले तसेच आहे:

‘मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. बारीक आवाज मला येतच नाहीत. पोरीनं काठी आणली तेव्हा मी तीनदा ठोकली आणि ऐकल्यासारखं केलं. सामन्यात पण तेच केलं. सगळे माझ्याकडं बघत होते, म्हणून केलं. नंतर बायकोला आवाज आला, तेव्हा मी काठी खोलली. आतला बोल्ट पाव फेरा सुटलेला होता. तो मीच बसवला होता, लाख लावायची राहिली होती. मी तो आवळला. मग बारा तारखेला तुमच्यापुढं ठेवली आणि निर्दोष म्हणालो. तेव्हा ती निर्दोष होती, मीच केली होती. काल ही माझ्या मागं येऊन उभी राहिली, हाका मारत होती. काचेत दिसली मला, तरी मी वळलो नाही. तिला माझं कळलं होतं. आज ती ते इथं सांगणार, म्हणून मी रात्रभर तिला मनात शिव्या दिल्या. तिनं नाही सांगितलं. तिला भास झालेला नाही. ती तुमच्यासमोर खोटं बोलली ते एवढंच, आणि ते माझ्यासाठी बोलली. मी आता ओरडून बोलतोय का हळू, ते मला समजत नाहीये. तेही लिहा.’